पडीक जमीन आणि राबणाऱ्यांचा राबता

१

नगररचनेच्या कागदात 'पडीक जागा' हे शब्द दिसले की मला आमच्या गावचा हाडोळा आठवतो. मी मूळचा मराठवाड्यातला. आमच्या वस्तीच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, एक उघडीबोडकी पट्टी होती. गावात बैल मेला, म्हैस मेली की आमची माणसे ती ओढत तिथे नेत. कातडे निघे, मांस वाटले जाई, हाडे मागे राहत. पावसाळ्यात त्या जमिनीवर गवत मात्र फार चांगले येई. गावातली पोरे तिकडे फिरकत नसत. आम्ही तिथेच खेळलो, कारण खेळायला आम्हाला दुसरी जागा नव्हती.

पुढे वाचायला लागल्यावर कळले की 'हाडकी-हाडोळा' हा जमिनीच्या दप्तरातलाही शब्द आहे. गावकीच्या कामाच्या मोबदल्यात महारांना जी वतनी जमीन मिळे, तिलाही हाडोळाच म्हणत. गाव जिथे हाडे टाकी ती जमीन आणि गाव ज्यांना राबवून घेई त्यांची जमीन, या दोहोंना एकच नाव मिळाले. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आज पिंपरी-चिंचवडपासून मुंबईपर्यंत टाकाऊ जागांची उद्याने करण्याची भाषा चालू आहे. कचऱ्याचे डोंगर, बंद पडलेल्या खाणी, नाल्यांचे काठ, गायराने हिरवी करावयाची आणि ती सर्वांना खुली करावयाची, असे सांगितले जाते. या कल्पनेला माझा विरोध नाही. ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांना बागेची गरज बंगलेवाल्यांपेक्षा अधिक आहे. तरीही दोन प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. जी जागा पडीक म्हटली जाते ती खरोखर रिकामी होती काय? आणि ती हिरवी झाल्यावर तिच्यात पाय कोणाचा पडतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळून दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

२

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. गावातला महार काय काय करी, हे त्यातून कळते. त्याच्या कामांपैकी एक काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. महार हा गावाच्या शिवेचा साक्षीदार होता. दोन गावांत हद्दीचा तंटा पडला तर शीव दाखवायला महाराला पुढे करीत आणि त्याचा शब्द मानीत. गावाची जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक, त्याला मात्र गावकुसाच्या आत राहायला जागा नव्हती. गावाच्या भूगोलाचा जाणकार गावाच्या भूगोलाबाहेर ठेवलेला होता.

शहरात याहून निराळे नव्हते. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात सांगितली आहे. आपण ही गोष्ट अपमानाची कहाणी म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ती सार्वजनिक जागेच्या वापराचा नियम म्हणूनही वाचली पाहिजे. रस्त्यावरून चालण्यास परवानगी होती, पण पाऊल मागे उरता कामा नये, अशी अट होती. यावे, काम करावे आणि आल्याची खूण पुसून निघून जावे. शहराने राबणाऱ्या माणसाशी ठेवलेला हा व्यवहार झाडू-मडके गेल्यावर संपला काय, हा प्रश्न मी पुढे घेणार आहे.

या व्यवहाराविरुद्धचा लढा आपल्या चळवळीला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून ठरावही केला. परंतु कागदावर खुल्या झालेल्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी स्वतः जाऊन प्यावे लागले. ठराव झाला म्हणजे जागा खुली होत नाही, ती वापरावी लागते, हा महाडचा धडा आहे. १९७० नंतर बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली, तेव्हा संविधान लागू होऊन वीस वर्षे उलटली होती. धडा जुना झाला नव्हता.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात या धड्याचेच शब्द आहेत. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला तिथे सार्वजनिक राबत्याच्या जागांचा उल्लेख येतो. बाग ही त्या यादीतली जागा आहे. 'राबता' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. राबता म्हणजे नित्याची ये-जा, सरावाचे पाय. जिथे पाहुण्यासारखे वर्षातून एकदा जायचे, ती राबत्याची जागा नव्हे. माझे म्हणणे असे की उद्यानाची परीक्षा झाडांच्या संख्येने न करता राबत्याने केली पाहिजे, आणि तोही राबणाऱ्यांच्या राबत्याने.

३

गायरानाकडे वळू, कारण शहराकडेच्या बहुतेक नव्या उद्यानांच्या मुळाशी आज गायरान आहे. गायरान म्हणजे गावची गुरे चरण्याची सरकारी जमीन. ज्यांना शेत होते त्यांच्यासाठी ते चराऊ कुरण होते. ज्यांना शेतच नव्हते त्यांच्यासाठी ती सरपणाची, शेणाची, घायपाताची आणि कधीकाळी कसायला मिळेल अशी आशेची जमीन होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या ही मागणी होती. हजारो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात दलितांनी गायराने नांगरली, मार खाल्ला, पिके जळताना पाहिली. शेवटी १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची वहिवाट मान्य झाली. सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठीचे हेलपाटे अनेकांचे अजून संपलेले नाहीत.

म्हणजे ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो, तिच्यावर हक्क सांगून लोक तुरुंगात गेलेले आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावोगावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. तो देताना भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून वेगळ्या काढल्या. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. नोटीस आली की धनदांडग्याची इमारत आणि भूमिहीनाची झोपडी एकाच यादीत येतात. अपवाद लक्षात आणून द्यायला वकील लागतो, आणि वकील कोणाला परवडतो हे सांगायला नको.

४

आता तळवड्याची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी खडी फोडली. त्यानंतर दोन वर्षांनी मी पिंपरीला आलो. चार गावे मिळून इथे १९७० साली नगरपालिका झाली होती, १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखान्यांत माणसे लागत होती. माणसांना राहायला जागा लागेल, याचा विचार मात्र कारखान्यांच्या मागून, रेंगाळत आला. दिवसा काम आणि संध्याकाळी रात्रशाळेत शिकवणे, असा माझा बराच काळ गेला. पुढे तळवड्याजवळच्या रुपीनगरात अर्धा गुंठा घेतला आणि दोन खोल्या बांधल्या.

तळवडे हे इंद्रायणीच्या काठचे गाव. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. एका बाजूला चाकणचे कारखाने, दुसऱ्या बाजूला निगडी-आकुर्डी. १९९७ साली ते आसपासच्या गावांबरोबर महापालिकेत आले. मग आयटी पार्क आले, त्याला लागून पत्र्याच्या शेड आल्या, आणि शेडमध्ये राबणाऱ्यांच्या चाळी आल्या. देहूरोडच्या दारूगोळा डेपोमुळे या भागाचा मोठा हिस्सा लष्कराच्या रेड झोनमध्ये मोडतो. तिथल्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, पण बांधकाम थांबत नाही. भिंतीला भिंत लागते. परवानगीच नसलेल्या वस्तीत मैदान कोण राखून ठेवणार? त्यामुळे आमच्याकडे मुले गल्लीत खेळतात, लग्नाचा मांडव रस्त्यावर पडतो आणि म्हातारी माणसे उंबऱ्यावर बसून दिवस काढतात.

या गावच्या गायरानावर जुन्या आराखड्यात हरीण उद्यानाचे आरक्षण होते. त्यापुढे महापालिकेने तिथे जैवविविधता उद्यान करावयाचे ठरवले. आमच्या भागाला झाडांची सावली हवीच आहे. पण या जागेवर कोण शेण्या वेचीत होते, कोणाची शेरडे चरत होती, कोणत्या वस्तीचे मसण त्या अंगाला होते, याची नोंद घेऊन मगच कुंपण पडावे, असे मला वाटते. ही नोंद उद्यानाच्या नकाशाइतकीच महत्त्वाची आहे. गावातल्या जुन्या माणसांना या गोष्टी ठाऊक असतात. शिवेचा साक्षीदार अजून जिवंत आहे. त्याला विचारण्याची रीत तेवढी मोडली आहे.

५

दुर्लक्षित जागेचे सामाजिक केंद्र कसे होते, याचे उदाहरण शोधायला आम्हा तळवडेकरांना लांब जावे लागत नाही. देहूरोड आमच्या शेजारीच आहे. लष्करी डेपोत हमाली आणि मोलमजुरी करणाऱ्या आपल्या लोकांच्या वस्तीत २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे मत मांडले आणि त्यावर लिहिण्याचा मनोदय सांगितला. तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर ते हे बोलत होते. जागेचा इतिहास पुन्हा वाचता येतो, तिच्यावर आपला हक्क विचारानेही सांगता येतो, हे त्यांनी दाखवले.

देहूरोडला कोणी लँडस्केप केले नव्हते, निविदा काढल्या नव्हत्या. लष्कराच्या छायेतली कामगारांची साधी वस्ती होती. तिथे लोक वर्गणी काढून उभे राहिले आणि जागेला अर्थ आला. आजही २५ डिसेंबरला तिथे माणसांची रीघ लागते. नागपूरची दीक्षाभूमी हेही एके काळचे मोकळे मैदानच. १४ ऑक्टोबर १९५६ ने त्याला इतिहास दिला. २०२४ साली दीक्षाभूमीच्या सुशोभीकरणात भूमिगत वाहनतळ खणायला घेतला, तेव्हा १ जुलैला लोक तिथे जमले आणि ते काम थांबले. सुशोभीकरण करणाऱ्यांना ती पार्किंगची अडचण वाटली होती. लोकांना ती आपल्या पायाखालची भूमी वाटत होती. जागा कोणाच्या नजरेने पाहायची, हाच दोघांमधला तंटा होता.

दुसरे उदाहरण धारावीला लागून असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे. मिठी नदीच्या काठी मुंबईचा कचरा वर्षानुवर्षे पडत होता. १९७७ साली तिथे कचरा टाकणे बंद झाले. १९८३ साली पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते वृक्षारोपण झाले. कचऱ्यावर माती पसरली, पालापाचोळ्याचे खत घातले, झाडे दाट लावली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान लोकांना खुले झाले. सुमारे ३७ एकरांवर आज रान उभे आहे, पक्षी येतात, शाळांच्या सहली येतात. उकिरड्यावर रान उगवते हे तिथे सिद्ध झाले आहे आणि त्याबद्दल ते काम करणाऱ्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण रस्त्याच्या एका बाजूला हे रान आणि दुसऱ्या बाजूला धारावी, जिथे कातडी कमावणाऱ्या आणि कचरा निवडणाऱ्या आपल्या लोकांनी दहा बाय दहाच्या खोल्यांत पिढ्या काढल्या. मध्ये कुंपण आहे, फाटक आहे, तिकीट आहे. रानाला कुंपण लागते हे मला कळते. पण धारावीच्या बाईला तिथे शाळेच्या सहलीतल्या मुलाइतके सहज जाता यायला हवे, हेही तितकेच खरे आहे.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क जगभर नमुना म्हणून दाखवले जाते. त्या जागेवर १८२५ पासून सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तिथे प्रामुख्याने काळे लोक राहत, त्यांची स्वतःची घरे होती, चर्च होते, शाळा होती. वर्तमानपत्रांनी त्या भागाला दलदल आणि झोपड्यांचा मुलूख ठरवले आणि १८५७ साली वस्ती उठवली. शे-दीडशे वर्षे बागेत फिरणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. २००१ साली तिथे एक फलक लागला. १९७२ साली आपल्याकडच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तेव्हा त्यांना दोन समाजांच्या दुःखातले साम्य दिसले होते. बागेच्या बाबतीतही ते साम्य आहे. आधी जागेला पडीक म्हणायचे, मग तिथली माणसे दिसेनाशी होतात.

६

आता मघाचा प्रश्न घेतो. झाडू-मडके गेल्यावर शहराचा व्यवहार बदलला काय?

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाहून आई आली होती. मी तिला हौसेने एका बागेत घेऊन गेलो. ती झाडाखाली, हिरवळीच्या कडेला मातीत बसली. बाजूला बाक मोकळा होता.

"आई, बाकावर बस की."

"नगं बाबा. हितंच बरं हाय."

तिला कोणी हटकले नव्हते. बागेवर तशी पाटीही नव्हती. पण गावच्या चावडीपुढे साठ वर्षे खाली बसलेल्या बाईला शहरातला बाक आपला वाटला नाही. मी तिला आग्रह केला, ती उठली आणि म्हणाली, "चल, घरला जाऊ." त्या दिवशी मला समजले की खुली जागा आणि आपली जागा यांत अंतर असते. ते अंतर कायद्याने एका दिवसात कापले जात नाही. पण ते वाढवण्याचे उपाय शहराने पुष्कळ शोधून ठेवले आहेत.

सगळ्यांत साधा उपाय म्हणजे वेळापत्रक. आमच्याकडच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, उन्हे चढली की बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळी येतात ते फिरायला येणारे, संध्याकाळी येतात ती मुलाबाळांची कुटुंबे. ज्याची पहिली पाळी सातला सुरू होते त्याला सकाळची बाग नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई दुपारी एकदोन तास मोकळी असते, तेव्हा फाटकाला कुलूप असते. एका उन्हाळ्यात मी अशाच एका कुलूपबंद बागेबाहेर सहासात बाया पदपथावर बसून डबा खाताना पाहिल्या. आतल्या झाडाची फांदी कुंपणावरून बाहेर आली होती. त्या तिच्या सावलीत एकमेकींना खेटून बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी त्याच बागेत सकाळी झाडलोट करणाऱ्या होत्या. यावे, काम करावे आणि निघून जावे. गावकुसाच्या जागी घड्याळ आले आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

८ डिसेंबर २०२३ रोजी आमच्या तळवड्यात केकवर लावायच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली. सहा जणी त्याच दिवशी गेल्या आणि पुढच्या दिवसांत आकडा वाढत राहिला. वाढदिवसाचा उजेड करणाऱ्या या बायका होत्या. त्यांच्या मृत्यूचे कारण कामाच्या जागेवरील निष्काळजीपणात आहे, बागेत नाही, हे मला कळते. तरीही उद्यानाचा विचार करताना त्या माझ्या नजरेसमोर येतात. पत्र्याखाली दिवस काढणाऱ्या बाईला जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास झाडाखाली बसता यावे, तिथे पिण्याचे पाणी असावे, बायकांसाठी संडास असावा, तिकीट नसावे आणि कोणी 'इथे का बसलात' म्हणून हटकू नये, एवढे झाले तरी आमच्या भागापुरती बाग सार्वजनिक झाली असे मी मानीन. झोके आणि कारंजी नंतर आली तरी चालतील.

यासाठी आपल्याला करता येण्याजोगे काम आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातल्या बागेसमोर आठवडाभर थांबून कोण केव्हा येते आणि कोणाला केव्हा परत जावे लागते, हे लिहून काढावे आणि ते वॉर्ड सभेत वाचावे. बागेची झाडलोट आणि राखण करणारी माणसे कंत्राटावर किती आणि कायम किती, हेही त्यात असावे. विद्यार्थ्यांनी गावातल्या वृद्धांना घेऊन जुनी शीव चालावी आणि हाडोळा, मसण, गायरान, पाणवठे यांचा नकाशा करावा. शिक्षकांनी तो वर्गात लावावा. एखाद्या उद्यानाच्या फाटकावर जुन्या हाडोळ्याचे नाव लिहिलेले मी पाहिलेले नाही. ते लिहिले गेले तर वाचणाऱ्या मुलाला लाज वाटेल, असे काही जण म्हणतील. मी स्वतः हाडोळ्यावर खेळलेला आहे. त्या गवतात आमच्या पिढीचे बालपण गेले, आणि ज्यांनी ती हाडे ओढली त्यांच्या श्रमावर ते गाव उभे होते. हे नाव फाटकावर लागावे, फाटक दुपारीही उघडे राहावे आणि माझ्या आईच्या वयाच्या एखाद्या बाईने आत येऊन, कोणाला न विचारता, बाकावर बसावे.